ग्राफ अल्गोरिदम डोक्यात शिरत नाहीत : दापोली ते गुहागर आणि माझा चुकणारा प्रोग्राम

खाडीकाठचा | सोमवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दापोली तालुक्यात राहतो, बीएस्सी आयटीचं शेवटचं वर्ष. अ‍ॅरे, स्ट्रिंग, सॉर्टिंगपर्यंत गाडी बरी चालली होती. ग्राफ आला आणि चिखलात रुतली. बीएफएस (आधी जवळचं सगळं, मग लांबचं), डीएफएस (एकच वाट टोकापर्यंत, मग मागे), डायक्स्ट्रा (सगळ्यात कमी आकड्याचा रस्ता), तिन्हींचे कोड पाठ आहेत. झोपेतून उठवून विचारा, लिहून देईन. पण सरावाचं गणित समोर आलं की यात ग्राफ कुठाय हेच कळत नाही. आणि व्हिडिओ बघताना सगळं कळतं, हे आणखी वाईट.

म्हणून म्हटलं आपल्याच रस्त्यांवर करून बघू. दापोलीहून गुहागरला जायच्या दोन वाटा. एक दाभोळला उतरून फेरीबोटीने धोपावे आणि पुढे गुहागर. दुसरी खेड, चिपळूण करत वळसा घालून. माझ्या अंदाजाचे आकडे, मिनिटांत:

दापोली–दाभोळ 55
दाभोळ–धोपावे 45 (बोटीची वाट बघणं धरून)
धोपावे–गुहागर 30
दापोली–खेड 50
खेड–चिपळूण 45
चिपळूण–गुहागर 70

फेरीबोटीने 130, वळशाने 165. शेंबडं पोरही सांगेल बोटीने जा. माझा डायक्स्ट्रा सांगतो 165, चिपळूणवरून. दोन दिवस झाले. बीएफएसचाच कोड घेतला, साध्या क्यूच्या (आधी आलेला आधी बाहेर) जागी प्रायॉरिटी क्यू (सगळ्यात लहान आकडा आधी बाहेर) घातला, बाकी काही बदललं नाही. चूक दिसत नाही.

बाबल्या | सोमवार, रात्री 11:05

माका पयलो म्हयनो कायएक कळाक नाय, तू तर रस्ते मोजूक लागलंस! चालू देत. पॉपकॉर्न नाय, भाजके काजू घेऊन बसलंय.

निवांत | सोमवार, रात्री 11:20

कशाला एवढं खोल जाता? मुलाखतीत ठरावीक पंधरा-वीस प्रकार येतात. ते पाठ करायचे, दोनशे गणितं घासायची, नोकरी लागली की विसरायचं. मी तेच केलं.

सुरंगी | मंगळवार, सकाळी 7:15

निवांत, त्याने लिहिलंय ना की पाठ सगळं आहे आणि अडचण तीच आहे.

खाडीकाठचा, मी कुडाळला मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. तुझी चूक ओळखीची आहे, दरवर्षी पाचसहा जण करतात. पण उत्तराआधी एक गोष्ट.

आमच्याकडे रानात रात्री माणूस वाट चुकून तिथल्या तिथे फिरायला लागला की चकवा लागला म्हणतात. आजोबा सांगायचे, असं वाटलं तर झाडाला कोयत्याने खाच मारत चालायचं. आपलीच खाच पुन्हा दिसली की ती वाट सोडायची. मी वर्गात 'व्हिजिटेड' (इथे आधी येऊन गेलो ही खूण) शिकवताना हेच सांगते. खाच मारायला विसरलात तर प्रोग्रामला चकवा लागतो, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) संपतच नाही. झाडासारख्या ग्राफमध्ये एकवेळ आलेली वाट टाळून भागतं, पण जिथे वाटा गोल फिरून एकमेकींना मिळतात तिथे खाच नसेल तर गेलात.

आता तुझा प्रश्न. खाच मारतोस हे बरोबर आहे. कधी मारतोस?

खाडीकाठचा | मंगळवार, सकाळी 8:02

ताई, शेजारचं गाव क्यूमध्ये टाकलं की लगेच. बीएफएसला तसंच शिकवलं होतं.

सुरंगी | मंगळवार, सकाळी 8:30

तिथेच गाडी अडली. कागद घे, प्रोग्राम बंद कर आणि हाताने चालव.

दापोली 0 वर बाहेर काढलीस. आत टाकलंस खेड 50 आणि दाभोळ 55, दोघांना खाच. सगळ्यात लहान खेड, ते बाहेर. चिपळूण 95 आत. मग दाभोळ बाहेर, धोपावे 100 आत. आता लहान कोण? चिपळूण, 95. ते बाहेर काढलंस आणि गुहागर 165 ने आत टाकलंस. आणि त्याच क्षणी गुहागरला खाच मारलीस. पुढच्या फेरीत धोपावे 100 वर बाहेर येतं, म्हणतं माझ्याकडून गुहागर 130 ला आहे. तुझा प्रोग्राम खाच बघतो आणि त्याला दारातूनच परत पाठवतो.

बीएफएसमध्ये प्रत्येक वाट सारख्याच लांबीची असते, त्यामुळे जो पहिला बघतो तोच जवळचा. तिथे आत टाकतानाच खाच मारणं योग्य, नाहीतर एकच गाव क्यूमध्ये दहादा शिरतं. डायक्स्ट्रामध्ये आधी बघितलं म्हणजे जवळचं असं नसतं. तिथे खाच बाहेर काढताना मारायची. तोवर गुहागर क्यूमध्ये दोनदा असू दे, 165 ने आणि 130 ने. 130 वाला आधी बाहेर येईल, खाच बसेल. 165 वाला नंतर आला की खाच बघून फेकून द्यायचा.

पायथॉनच्या तयार प्रायॉरिटी क्यूमध्ये, म्हणजे हीपक्यूमध्ये, आधी टाकलेल्या नोंदीचा आकडा कमी करायची सोय नाही, त्यामुळे दोनदा टाकून शिळी नोंद फेकणं हीच तिथली रीत.

खाडीकाठचा | मंगळवार, सकाळी 8:51

130!!! धोपावेवरून!

ताई, एक ओळ चार ओळी खाली सरकवली फक्त. दोन दिवस गेले हो यात. म्हणजे तुम्ही हाताने चालवून दाखवलंत तसं मी एकदाही केलं नव्हतं. नुसता कोडकडे बघत बसलो होतो.

चिरेबंदी | मंगळवार, दुपारी 1:10

सुरंगीताईंनी छान उकललं. मी मूळचा रत्नागिरीचा, वीस वर्षं पुण्यात याच धंद्यात. पोरा, तुझी खरी तक्रार पहिल्या परिच्छेदात आहे, ती अजून सुटलेली नाही. गणितात ग्राफ दिसत नाही म्हणालास ना?

आधी शब्दाचाच घोळ घे. आपल्या पाठ्यपुस्तकात ग्राफ म्हणजे आलेख, आणि आलेख म्हटलं की चौकटीची वही, क्ष अक्ष आणि य अक्ष डोळ्यापुढे येतात. ते आधी डोक्यातून काढ. इथला ग्राफ म्हणजे तिठे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. बास. तिठा कुठे आहे, वाट वाकडी आहे की सरळ, काही फरक पडत नाही.

हे पहिल्यांदा ज्याला सुचलं तो गणिती ऑयलर. कोनिग्सबर्ग शहरात प्रेगेल नदीवर सात पूल होते. सगळ्या पुलांवरून एकेकदाच जाता येईल का, असा लोकांचा करमणुकीचा प्रश्न. 1736 सालच्या त्याच्या निबंधात उत्तर आहे : नाही. त्याने काय केलं बघ. रस्ते, घरं, नदीची रुंदी, पुलांची लांबी सगळं टाकून दिलं. उरले जमिनीचे चार तुकडे आणि प्रत्येकाला किती पूल लागतात तो आकडा : 5, 3, 3, 3. तुकड्यात एका पुलाने शिरलास तर दुसऱ्याने निघायला हवं, म्हणजे पूल जोडीने लागतात. विषम आकडा फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या तुकड्याला परवडतो. इथे चारही विषम. खेळ खलास.

माझ्या मते यात सगळ्यात अवघड पायरी उत्तराची नाही, टाकून द्यायची आहे. तू गणित वाचतोस तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं. स्वतःला एवढंच विचार : माझा तिठा कोणता? तो ठरला की अल्गोरिदम बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

खारेपाट | मंगळवार, दुपारी 3:45

चिरेबंदी काकांना +१. आमच्या पेणकडचं उदाहरण देतो.

खारभूमीच्या बांधाला उधाणात खांड गेली की पाणी शेतात घुसतं. समजा शेतांचा नकाशा चौकटीचा केला आणि पाणी दर तासाला एका कुंड्यातून (शेताच्या एका तुकड्यातून) शेजारच्या कुंड्यात जातं असं धरलं. अमुक शेत किती तासांनी बुडेल? इथे रस्ता नाही, गाव नाही, तरी हा बीएफएसच. तिठा म्हणजे कुंडा, वाट म्हणजे सामाईक मेर.

आता दोन ठिकाणी खांडी गेल्या तर? नवशिका दोनदा बीएफएस चालवतो आणि लहान आकडा घेतो. गरज नाही. सुरुवातीलाच दोन्ही खांडी 0 तासाने क्यूमध्ये टाक आणि एकदाच चालव. मला हे समजलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली होती. बायकोने विचारलं काय झालं, तिला काय सांगणार.

बाबल्या | मंगळवार, दुपारी 4:00

टाळी वाजवन मासळी शिजली काय ती पण सांगा 😄

कुंभार्ली | मंगळवार, रात्री 9:30

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी इलेक्ट्रिक स्कूटरवाला, त्यामुळे एक वेगळं टोक.

डायक्स्ट्रा चालतो कारण वाट लांबली की आकडा वाढतो, कधी कमी होत नाही. पण मिनिटांऐवजी बॅटरीचा खर्च मोजला तर? घाट उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परत बॅटरीत जाते. म्हणजे त्या वाटेचा खर्च उणे. बाहेर काढलेलं गाव पक्कं झालं म्हणून खाच मारली, आणि मागून घाटातून उतरत आलेली वाट त्याहून स्वस्त निघाली. झाला गोंधळ. अशा वेळी बेलमन-फोर्ड : सगळ्या वाटा पुन्हा पुन्हा तपासायच्या, गावं जितकी त्याहून एक कमी फेऱ्या. सावकाश, पण उणे आकड्यांना घाबरत नाही. त्यानंतरही एखादा आकडा कमी होत असेल तर समजायचं की कुठेतरी गोल फिरून बॅटरी भरतेय. ते स्कूटरच्या बाबतीत शक्य नाही, नाहीतर मी चार्जिंगचं बिल भरलंच नसतं.

यातली एक युक्ती फार देखणी आहे. प्रत्येक गावाची उंची माहीत असते. चढताना जी वीज उंचीसाठी लागते ती प्रत्येक वाटेच्या खर्चातून वजा करायची, उतरताना तेवढीच मिळवायची. मग उरतं फक्त वाया गेलेलं, म्हणजे घर्षण, वारा, ब्रेकची गरमी. ते कधीच उणे नसतं. झालं, पुन्हा डायक्स्ट्रा मोकळा. शेवटी दोन टोकांच्या उंचीचा फरक परत जमा केला की खरा खर्च मिळाला. (बॅटरी आधीच भरलेली असेल तर घाटात वीज परत घ्यायला जागा नसते हा वेगळा त्रास, तो इथे सोडून देतो.)

निवांत | मंगळवार, रात्री 10:12

हे मुलाखतीत कोणी विचारत नाही. पण वाचायला आवडलं, मान्य.

खाडीकाठचा | बुधवार, सकाळी 6:50

रात्री झोप नाही. एक शंका. मी बोटीचे सरसकट 45 मिनिटं धरलेत. खरं तर बोट सुटायच्या वेळा ठरलेल्या. पाच मिनिटं आधी पोचलो तर पंधरा लागतील, नुकतीच सुटली असेल तर तासभर जेट्टीवर वडापाव. वाटेचा आकडाच कधी पोचलो त्यावर ठरतो, मग डायक्स्ट्रा चालेल?

चिरेबंदी | बुधवार, सकाळी 9:20

चालेल, आणि प्रश्न छान आहे. आकडा म्हणून 'किती मिनिटं लागली' ऐवजी 'किती वाजता पोचलो' धर. 8 ला निघालास, 8:55 ला दाभोळ. समजा पुढची बोट 9:15 ला आणि पलीकडे जायला दहा मिनिटं, तर धोपावे 9:25.

अट एकच : लवकर पोचलेला माणूस उशिरा पोचलेल्याच्या मागे पडता कामा नये. जेट्टीवर थांबायची मुभा आहे म्हटल्यावर ही अट आपोआप पाळली जाते, कारण लवकर पोचलेला फार तर थांबेल आणि मागच्याच्याच बोटीत बसेल.

रच्याकने, डायक्स्ट्राला हा अल्गोरिदम 1956 साली ॲम्स्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर कॉफी पिताना सुचला, वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल हातात नसताना. छापून आला 1959 ला. पेन्सिल नव्हती म्हणून नको तो गुंता टाळावा लागला, असं तो स्वतःच पुढे सांगायचा. तुलाही जेट्टीवर तासभर मिळतोच आहे.

सुरंगी | बुधवार, सकाळी 10:05

आणखी एक घसरण सांगून ठेवते, कारण पुढच्या आठवड्यात तू तिथे पोचशील. सर्वांत कमी खर्चात सगळं जोडणं आणि सर्वांत जवळचा रस्ता, या दोन गोष्टी मुलं एकच समजतात. तीन वाड्यांत नळाची पाइपलाइन टाकायची आहे. अंतरं 4, 4 आणि 5 किलोमीटर. सगळ्यांना पाणी पोचवायला दोन्ही 4 पुरे, 5 ची गरज नाही. पण त्या 5 च्या दोन टोकांमध्ये पाइपाच्या कडेने चालत गेलास तर 8 पडतात. पहिल्याला क्रुस्कल किंवा प्रिम लागतो, दुसऱ्याला डायक्स्ट्रा. पहिला प्रश्न असाच वायरी टाकायच्या कामातून आला. 1926 साली बोरुव्का या चेक गणितज्ञाने तो सोडवला, मोराव्हियातल्या विजेच्या जाळ्यासाठी.

खारेपाट | बुधवार, दुपारी 12:30

आणि साकव राहिला की! जी एक वाट काढली की ग्राफचे दोन तुकडे पडतात ती. इंग्रजी पुस्तकात तिला पूलच म्हणतात, पण आपल्या ओहोळावरचा साकव जास्त चपखल. पावसात तो वाहून गेला की पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेला मुकतात, इतकं ते स्पष्ट आहे.

प्रत्येक खरा पूल मात्र असा नसतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. माणसं गेली, ते दुःख वेगळंच. पण वाहतूक तुटली नाही, कारण शेजारी दुसरा पूल उभा होता. ग्राफच्या भाषेत तो साकव नव्हता. उलट कोकण रेल्वे घ्या, तेवढीच एकटी. रोहा ते मडगाव मधली लगतची कुठलीही दोन स्टेशनं जोडणारा लोहमार्ग साकव आहे, तिथे जमिनीवर पूल असो वा नसो. पण देशभरचं रेल्वेचं जाळं घेतलं तर तो साकव उरत नाही, म्हणूनच दरड पडली की गाड्या पुण्या-मिरजेवरून वळवता येतात.

सगळे साकव एकाच डीएफएसमध्ये सापडतात, प्रत्येक वाट काढून बघावी लागत नाही. टार्जनची रीत. हवं तर वेगळा धागा काढतो.

सुरंगी | बुधवार, दुपारी 12:48

काढाच. फक्त एक, पायथॉनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात 1000 ची असते. रेल्वेसारखा एका रांगेतला लांबलचक ग्राफ दिला की डीएफएस तिथेच कोसळतो आणि मुलं स्वतःच्या तर्काला दोष देत बसतात. स्टॅक (मागे कुठे परतायचं त्या नोंदींची थप्पी) हाताने सांभाळायला शिकवा.

चिरेबंदी | बुधवार, रात्री 8:15

खाडीकाठचा, आता तुला गृहपाठ. तुझ्याकडे फेरीबोटीचा एकच पास आहे. पूर्ण प्रवासात जास्तीत जास्त एकदाच बोट घेता येईल. मुरूड-जंजिऱ्याहून गुहागरला सर्वांत लवकर कसा पोचशील? वाटेत आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे अशा तीन बोटी आहेत, प्रत्येक ठिकाणी वळशाचा रस्ताही आहे. कोड देऊ नकोस. तिठा काय ते सांग.

खाडीकाठचा | बुधवार, रात्री 11:58

काका, चार तास झाले. आधी वाटलं तिठा म्हणजे गाव. पण मग एकाच गावात मी पास वापरून आलो की न वापरता, यावर पुढचं सगळं बदलतं. वेसवीला वीस मिनिटं उशिरा पोचलो पण पास खिशात आहे, तर तेच बरं असू शकतं. गावाला एकच खाच मारली तर ते उत्तर हरवतं.

मग आमच्या घराकडे बघून सुचलं. घराला माडी आहे. तळमजल्यावर सगळी गावं, पास शिल्लक. माडीवर तीच सगळी गावं पुन्हा, पास संपलेला. रस्ते दोन्ही मजल्यांवर सारखे. बोट म्हणजे जिना, तळमजल्याच्या दाभोळमधून थेट माडीवरच्या धोपावेत, आणि जिना फक्त वर जातो. म्हणून तिठा म्हणजे गाव आणि मजला मिळून. डायक्स्ट्रा आहे तसाच, एक अक्षर बदलायचं नाही. गावं दुप्पट झाली एवढंच.

चिरेबंदी | गुरुवार, सकाळी 6:30

शाब्बास रे पठ्ठ्या! माझ्या पहिल्या नोकरीत मला हे कळायला आठ महिने लागले होते. घराला माडी नव्हती हे कारण असेल.

निवांत | गुरुवार, सकाळी 9:10

हे विचारतात बरं का मुलाखतीत. मला विचारलं होतं. आलं नव्हतं.

खाडीकाठचा | गुरुवार, रात्री 9:44

मुरूडचे आकडे जमवतोय, तोवर आधीच्याच सहा वाटांवर माडी चढवली. दापोली–गुहागर 130, बरोबर. मग सहज दापोली–खेड विचारलं. 50 यायला हवं. 245 आलं! मला दाभोळला नेतो, बोटीत बसवतो, धोपावे, गुहागर, चिपळूण करत उलटा खेडला आणतो. आई म्हणाली याला कोणी रिक्षावाल्याने शिकवलंय.

सुरंगी | गुरुवार, रात्री 9:52

उत्तर माडीवरच्याच खेडचं वाचतोयस ना? पास वापरलाच पाहिजे असं कुठे म्हटलंय. खालचं खेड आणि वरचं खेड दोन्ही बघ, लहान ते घे.

खाडीकाठचा | गुरुवार, रात्री 9:55

50.

बाबल्या | गुरुवार, रात्री 10:01

काजू संपले. खारेपाटानू, तो साकवाचो धागो कधी काढतास?